प्राणी कल्याण प्रकल्पासाठी अनुदान : अर्ज सर्वांत शेवटी लिहावा

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतील प्राणी संस्थांचे अनुदानाचे अर्ज वाचून दुरुस्त करून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत असते. फेटाळलेल्या अर्जांत तळमळ कमी पडली असे मला क्वचितच आढळले. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो कामाचा क्रम. योजनेची सूचना हाती पडते तेव्हा शेवटची तारीख आठ दिवसांवर आलेली असते, रात्री जागून अर्ज लिहिला जातो आणि कागदपत्रे जोडताना लक्षात येते की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनेच अध्यक्ष आहेत. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. अर्जलेखनाचा टप्पा त्यांत सातवा आहे.

टप्पा १ : संस्थेची कागदपत्रे जुळवणे

आपल्याकडील बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. दोन्ही प्रमाणपत्रे काढावीत आणि त्यांच्यासोबत परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या शासकीय नोंदीचा, ताजा उतारा सहधर्मादाय आयुक्त कार्यालयातून घ्यावा. हा उतारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत कलम २२ खालील बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करावा लागतो. तो दाखलच झाला नसेल किंवा वर्षानुवर्षे प्रलंबित असेल, तर अर्जावर सही करणारा अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच ठरत नाही. निधी देणारी संस्था इथेच थांबते.

दुसरी अडचण खास विदर्भाची आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली 'बहुउद्देशीय संस्था' आहेत. त्यांच्या घटनेत महिला बचत गटापासून संगणक प्रशिक्षणापर्यंत पस्तीस-चाळीस उद्देश असतात आणि नेमका प्राणी कल्याणाचा उद्देश नसतो. अशा संस्थेने आधी घटनेत दुरुस्ती करून घ्यावी आणि त्या कामासाठी काही महिने हाताशी ठेवावेत. शिवाय 'बहुउद्देशीय' हा शब्द रोमन लिपीत पॅन कार्डावर एका प्रकारे, बँकेत दुसऱ्या प्रकारे आणि नोंदणी प्रमाणपत्रावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेला असतो. ऑनलाइन अर्ज एका अक्षराच्या फरकानेही अडतो.

त्यानंतर आयकराकडे वळावे. १९६१ च्या कायद्यातील १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी आपण ज्या नोंदण्या ओळखतो, त्या मुदतीच्या असतात. त्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या अर्जातील वाक्ये तशीच उतरवू नयेत. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांकही आधीच घेऊन ठेवावा.

शासकीय अनुदान हवे असल्यास भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता ही पहिली पायरी आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली १९६२ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ आता चेन्नईत नसून हरियाणातील बल्लभगड येथे आहे. अजूनही काही अर्ज चेन्नईच्या पत्त्यावर जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

*तपासणी :* नोंदणी प्रमाणपत्रे, परिशिष्ट एकचा उतारा, पॅन, बँक पासबुक, दर्पण क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि अर्ज करण्यास संमती देणारा कार्यकारिणीचा ठराव एका फायलीत लावावेत. प्रत्येकावरील संस्थेचे नाव बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवावे.

टप्पा २ : प्रश्न मोजणे

'शहरात भटक्या कुत्र्यांची समस्या गंभीर आहे' या वाक्याला कोणी पैसे देत नाही. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. एवढ्या शहरात विखरून ५०० कुत्र्यांचे निर्बीजीकरण केले, तर वर्षभराने त्याची कुठलीही खूण दिसत नाही. निर्बीजीकरणासोबतच कुत्र्याला रेबीजची लस दिली जाते आणि कुत्र्यांमधील रेबीजचा फैलाव रोखण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. म्हणून एखाद्या झोनमधील एकच प्रभाग किंवा तीन-चार सलग वस्त्या घ्याव्यात आणि तिथे ७० टक्क्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

हे ७० टक्के कशाचे, हे सांगण्यासाठी मोजणी लागते. ती दोन दिवसांत होते. पहिल्या दिवशी पहाटे, कचरागाडी येण्यापूर्वी, ठरलेल्या रस्त्याने फिरून दिसलेल्या प्रत्येक कुत्र्याचे छायाचित्र घ्यावे आणि नर-मादी, कानाला काप (निर्बीजीकरण झाल्याची खूण) आहे की नाही, हे नोंदवावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने पुन्हा फिरावे. समजा पहिल्या दिवशी ६० कुत्री दिसली आणि दुसऱ्या दिवशी ५०, त्यांपैकी ४० आदल्या दिवशीचीच होती. मग ६० गुणिले ५० भागिले ४०, म्हणजे सुमारे ७५ कुत्री त्या भागात आहेत असा अंदाज निघतो. ७५ चे ७० टक्के म्हणजे ५३. हा ५३ चा आकडा अर्जात लिहिला की वाचणाऱ्याला त्यामागचे काम दिसते.

एका संस्थेची वही माझ्यासमोर आली होती. शाळेच्या दोनशे पानी वहीत 'पिवळा, शेपूट तुटकी, चहाच्या टपरीजवळ', 'काळी, तीन पिल्ले, दवाखान्यामागे' अशा नोंदी आणि प्रत्येकीपुढे तारीख. त्यांच्या छापील, रंगीत अहवालापेक्षा ती वही कितीतरी उपयोगाची होती. तिची दहा पाने स्कॅन करून अर्जाला जोडावीत, एवढेच मी सुचवले.

गोशाळेसाठी किंवा कामाच्या बैलांसाठी प्रकल्प असेल तर मोजण्याच्या बाबी वेगळ्या असतात : शरीरस्थितीचा एक ते पाच हा गुणांक, लंगडेपणा, मानेवरील जू घासल्याच्या जखमा, पाण्याची सोय. मात्र सगळीकडे एकच माणूस एकाच पद्धतीने मोजणारा हवा.

टप्पा ३ : आपली क्षमता तपासणे

अर्ज फेटाळण्याचे सर्वांत सोपे कारण अर्जदार स्वतःच देतो. संस्थेकडे २० पिंजरे आहेत आणि पकडण्यापासून सोडण्यापर्यंत प्रत्येक कुत्रा पाच दिवस पिंजऱ्यात राहतो, असे धरा. म्हणजे दिवसाला चार शस्त्रक्रिया आणि महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत १००. अर्जात मात्र महिन्याला ३०० लिहिलेले असते. तपासणाऱ्याला हा भागाकार करायला अर्धे मिनिट लागते. त्यानंतर तो पुढचे पान उलटत नाही.

नागपूरचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली भूल उतरत असलेले जनावर ठेवणे धोक्याचे असते. वर्षाचे बारा महिने सारखेच उद्दिष्ट लिहू नये. एप्रिल-मे कमी धरावा, तो वेळ मोजणी, जनजागृती आणि दुरुस्तीसाठी वापरावा आणि तसे अर्जात स्पष्ट म्हणावे. स्थानिक हवामान ओळखणारा अर्जदार तपासणाऱ्याच्या नजरेत भरतो.

कायद्याच्या दोन-तीन बाबी इथेच पाहून घ्याव्यात. निर्बीजीकरणाचे काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली येते आणि त्यासाठी संस्थेच्या सर्वसाधारण मान्यतेशिवाय त्या प्रकल्पाची स्वतंत्र मान्यता जीवजंतू कल्याण मंडळाकडून घ्यावी लागते. ती नसताना खासगी निधी मिळाला, तरी काम सुरू करता येत नाही. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री पुन्हा तिथेच सोडायची नाहीत. आपल्या क्षेत्रात अशी आवारे असतील तर तिथल्या कुत्र्यांची वेगळी गणना करावी आणि त्यांच्या कायमच्या निवाऱ्याचा खर्च वेगळा दाखवावा. या विषयातील आदेश बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी ताजा आदेश पाहणे इष्ट. वापरलेल्या सुया, कापूस, काढलेले अवयव यांची विल्हेवाट २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे करावी लागते. पशुवैद्यकीय केंद्रांना हे नियम लागू नाहीत, हा समज चुकीचा आहे.

*सावधान :* महापालिकेशी बोलणे झाले आहे, असे अर्जात लिहू नये. लेखी पत्र असेल तर जोडावे, नसेल तर तो मुद्दा वगळावा.

टप्पा ४ : पैसे कोणाकडे मागायचे हे ठरवणे

*शासन.* जीवजंतू कल्याण मंडळाच्या योजनांत संस्थांसाठी नियमित अनुदान, निवारागृह, रुग्णवाहिका, जन्म नियंत्रण आणि नैसर्गिक आपत्ती असे प्रकार राहिले आहेत. आपल्या कामाला कोणता लागू होतो ते आधी ठरवावे आणि एका अर्जात दोन प्रकारांची खिचडी करू नये. देशी गायी सांभाळणाऱ्या गोशाळांसाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रति गाय प्रतिदिन ५० रुपयांची योजना मंजूर केली असून ती महाराष्ट्र गोसेवा आयोगामार्फत राबवली जाते. तिथे सगळा भर कानातील बारा अंकी बिल्ल्यावर असतो. गोठ्यात उभी असलेली, पण बिल्ला नसलेली गाय कागदावर नसतेच. पडताळणीच्या आधी बिल्ले आणि नोंदवही एकेक करून जुळवावी.

*कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर).* कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत चौथ्या बाबीखाली प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. 'आमच्या सीएसआरमध्ये प्राणी बसत नाहीत' असे कोणी सांगितल्यास नम्रपणे ती बाब दाखवावी. काम राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची केंद्र शासनाकडील नोंदणी), १२ए व ८०जी आणि तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. कायदा कंपनीला तिच्या कार्यक्षेत्राजवळच्या भागाला प्राधान्य देण्यास सांगतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सार्वजनिक खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत, परंतु शहरातील धरमपेठेतल्या कुत्र्यांपेक्षा खाणीलगतच्या गावातील जनावरांच्या उपचार शिबिराचा प्रस्ताव त्यांना जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यांनाही हाच नियम लावावा. प्रस्ताव एप्रिल ते जून या काळात द्यावा. फेब्रुवारीत गेलेल्या संस्थेला उरलेल्या पैशांतून फार तर एखादे यंत्र मिळते.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. प्रशासकीय खर्चाची पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चासाठी आहे. आपल्या पशुवैद्यकाचे मानधन आणि कुत्री पकडणाऱ्यांची मजुरी हा प्रकल्पाचा खर्च आहे. तो भीतीपोटी लपवून औषधांत मिसळू नये.

*परदेशी निधी.* ब्रिटनमधील १९२६ साली स्थापन झालेली युनिव्हर्सिटीज फेडरेशन फॉर अॅनिमल वेल्फेअर, अॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्सची मूव्हमेंट ग्रँट्स, इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमचा अॅनिमल वेल्फेअर फंड अशी नावे कार्यकर्त्यांच्या तोंडी असतात. भारतीय संस्थेला त्यांचा पैसा घ्यायचा तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच उतरतात. ते खाते उघडण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या शाखेतून अर्ज करता येतो.

*सावधान :* 'आपली नोंदणी नाही, तर त्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून घेऊ' हा सल्ला घातक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी आहे. त्याच दुरुस्तीने अशा निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आणली. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या पैशांबाबतही विचारून घ्यावे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परकीय योगदान धरले जात नाही. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर हाती ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असूनही धरले जाते.

टप्पा ५ : अंदाजपत्रक

अंदाजपत्रक अर्जाच्या मजकुरापूर्वी तयार करावे, कारण मजकुरातले प्रत्येक वचन त्यातल्या एखाद्या ओळीवर उभे राहते. 'औषधे : १,३५,००० रुपये' ही ओळ निरुपयोगी आहे. 'भूल, प्रतिजैविके, टाके आणि रेबीज लस : प्रति कुत्रा ४५० रुपये × ३०० कुत्री' असे लिहावे आणि त्या ४५० रुपयांची फोड परिशिष्टात द्यावी. आकडे इथे नमुन्यादाखल आहेत. आपले आकडे दोन-तीन दुकानांची दरपत्रके घेऊन ठरवावेत आणि ती दरपत्रके फायलीत ठेवावीत.

नेहमी राहून जाणारे खर्च असे : कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेचे मासिक शुल्क, पकडणाऱ्यांचे स्वतःचे रेबीज प्रतिबंधक लसीकरण, उन्हाळ्यातील कूलर, त्याच्या ताट्या आणि विजेचे बिल, पाण्याचे टँकर, लेखापरीक्षकाचे शुल्क. गाडी मागितली असेल तर चालक, विमा आणि डिझेल कुठून येणार, हेही लिहावे. अनुदानातून मिळालेली आणि डिझेलअभावी आवारात उभी राहिलेली रुग्णवाहिका पुढच्या अर्जाचे मोठे नुकसान करते.

त्याच कामासाठी दुसरीकडूनही पैसे येत असतील तर ते दाखवावेत. शासकीय अनुदानात त्याच कारणासाठी अन्यत्र अनुदान घेतले नसल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणून दोन निधींत कामाची वाटणी आधीच करावी, उदाहरणार्थ, शस्त्रक्रिया एका निधीतून आणि पिंजऱ्यांचे बांधकाम दुसऱ्यातून.

टप्पा ६ : संशोधन असेल तर परवानग्या

नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे संस्थांनी एखाद्या प्राध्यापकाला सोबत घेणे इथे इतर शहरांपेक्षा सोपे आहे. मात्र ते अर्जाच्या आदल्या आठवड्यात करू नये. प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थात्मक प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि तिच्या बैठका आपल्या सोयीने होत नाहीत. केवळ निरीक्षण करायचे असले तरी समितीकडून लेखी खुलासा घेऊन ठेवावा, कारण परदेशी निधीदाते आणि नियतकालिके तो मागतात.

वन्यप्राण्यांचा विषय असल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी. ते कार्यालय नागपुरातच असले, म्हणून परवानगी लवकर मिळेल, असे वेळापत्रकात धरू नये. विद्यार्थ्याला परदेशातून मिळणारी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन परकीय योगदान कायद्यातील मनाईच्या कक्षेबाहेर आहे, परंतु पैसे विभागाच्या किंवा संस्थेच्या खात्यात येणार असतील तर वित्त अधिकाऱ्यांना आधी विचारावे.

नमुन्याचा आकार संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडून काढून घ्यावा. 'सुमारे १०० बैल' हे उत्तर नव्हे.

टप्पा ७ : अर्ज लिहिणे

इथवर आल्यावर अर्ज दोन दिवसांत लिहून होतो. पहिल्या परिच्छेदात कुठे, किती प्राणी, किती महिन्यांत, किती रुपये, हे सांगावे. दुसऱ्यात मोजणी, तिसऱ्यात क्षमता. मुक्या जीवांविषयीची सुभाषिते, जखमी जनावरांची भडक छायाचित्रे आणि संस्थापकांचे सत्कार वगळावेत. परदेशी निधीदात्याचा अर्ज आधी मराठीत विचार करून लिहावा आणि मग इंग्रजीत न्यावा. उसन्या इंग्रजी वाक्यांत आपले आकडे हरवून जातात.

*तपासणी :* प्राण्यांशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला अर्ज वाचायला द्यावा आणि 'नेमके काय होणार आहे?' असे विचारावे. उत्तर एका वाक्यात आले नाही तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा.

टप्पा ८ : पैसे आल्यानंतर

मंजुरीपत्रातील प्रत्येक अट वेगळ्या कागदावर उतरवून तिच्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. प्रकल्पासाठी स्वतंत्र खाते किंवा निदान स्वतंत्र खातेवही ठेवावी. केंद्र शासनाच्या अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते हिशेब अंतिम झाल्यावर परत करावे लागते. काम संपल्यावर २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १२-ए नमुन्यात (याचा आयकराच्या १२ए शी संबंध नाही) उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते आणि ते प्रलंबित असेल तर पुढचा हप्ता अडकतो. परकीय निधीचे वार्षिक विवरण एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते, आणि वर्षभरात एक रुपयाही आला नसला तरी ते भरावेच लागते.

एका बाबतीत मी स्वतः फसलो आहे. औषधांची सगळी बिले तारखेनुसार फायलीत लावली होती. लेखापरीक्षणाच्या दिवशी फाइल उघडली तर दुकानातल्या यंत्रातून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदांवर एक अक्षर उरले नव्हते. फाइल लोखंडी कपाटात होती आणि कपाट खिडकीच्या उन्हात. अकरा हजारांच्या आसपासचा खर्च सिद्ध करण्यासाठी दुकानदाराकडून नक्कलप्रती मिळवायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून असे बिल हाती आले की त्याच संध्याकाळी त्याची छायाप्रत काढून मूळ बिलाला टाचून ठेवतो.

खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्यावी, फोनवरील होकार पुरत नाही. उद्दिष्ट गाठता आले नसेल तर खरा आकडा द्यावा आणि कारण लिहावे. ३०० ऐवजी २४० कुत्री झाली आणि जुलैच्या पावसात गाडी बावीस दिवस बंद होती, हे निधीदाता समजून घेतो. सलग तीन महिने नेमके २५ चाच आकडा आला तर मात्र तो नोंदवही मागवतो.

अर्ज फेटाळला गेला तर आठवडाभरात पत्र लिहून कारण विचारावे आणि उत्तर फायलीत लावावे. त्याच प्रभागातली मोजणी पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा करावी, मग अनुदान मिळालेले असो वा नसो.